कपारींचं नाजूक पोट

९ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहून ठेवा. भिंगरीने काय खाल्लं, किती वेळा खाल्लं, शी कशी झाली, वजन किती. मी म्हटलं, चौतीस वर्षं कुत्री सांभाळते आहे, माझ्या सगळं लक्षात राहतं. तर म्हणाल्या, लक्षात राहिलेलंच हळूहळू बदलत जातं. माझ्याशी असं कुणी बोलत नाही. यांचे सर, म्हणजे जुने डॉक्टर, त्या दवाखान्यात होते तेव्हा बाबांना बघून खुर्चीतून उठायचे. ही कालची पोर हातमोजे काढता काढता मला शिकवते.

असो. लिहिते. वही दादाच्या संघटनेची, कपारी जातीच्या कुत्र्यांच्या संघटनेची आहे, मागच्या स्पर्धेतून उरलेली.

सकाळी उकडलेला मासा आणि भात, अर्धी वाटी. दुपारी तेच. संध्याकाळी तोंड फिरवलं. शी तीनदा, पाण्यासारखी. वजन पाच किलो नऊशे. सात हवं. वय साडेतीन.

११ जानेवारी

वजन तेवढंच. वाडगं उचललं तर कडेला बोट तेलकट झालं. कपारीला तेल, लोणी, चरबी यातलं काही म्हणता काही चालत नाही. दिवसातून चारदा, थोडं थोडं, चरबीशिवाय. हे या घराच्या भिंतींनाही पाठ झालं असेल. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "मी काही दिलं नाही, वन्सं. हाताला तेल लावलं होतं, फरशी धुऊन भेगा पडल्यात. त्याच हाताने वाडगं घासलं असेल." उत्तर कसं तयार असतं बघा. दादाच्या ताटातलं उरलेलं टाकून द्यायला जिवावर येतं यांच्या, दुसरं काही नाही. मी सरळ सांगितलं, उद्यापासून वाडग्यांना हात लावायचा नाही.

त्या काही बोलल्या नाहीत. न बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, याचाही राग येतो.

१५ जानेवारी

दादाने पिल्लू घ्यायला आलेलं एक जोडपं आणलं. पुढच्या खोलीत, जिथे बाबांचा फोटो आणि सगळे करंडक आहेत, तिथे नेहमीचा कार्यक्रम झाला. भिंगरी दाखवण्यासारखी नाही म्हणून तिची बहीण काजळ मी धरून बसले. दादाने तिची मान मागे वळवली, डोकं थेट पाठीला टेकेपर्यंत. बाईंच्या तोंडून बारीकसा आवाज आला. सगळ्यांच्या तोंडून येतो. मग त्याने पुढचे पाय दोन्ही बाजूंना सपाट पसरवले, माणसाच्या हातांसारखे. मग कान मिटून दाखवले: पाणी आत जाऊ नये म्हणून कपारी कान घडी घालून बंद करते. शेवटी बोटं. एकेका पायाला सहा, सगळी सांधे असलेली, खरीखुरी. समुद्राच्या कड्यांवरच्या कपारींत शिरून पक्षी बाहेर ओढायला पूर्वी ही जात ठेवायचे. जाळी आली, तशी कुत्री गेली. बाबा मोजणी खात्यात होते. नकाशाच्या कामासाठी एका कोळीवस्तीत गेले आणि तिथे उरलेली पाच कुत्री घेऊन आले. पाचांची आज दीडशे झाली.

हे सगळं दादा बाबांच्याच शब्दांत सांगतो, बाबा थांबायचे तिथेच थांबतो. मी फक्त नखांचं सांगितलं. वरची दोन बोटं जमिनीला टेकत नाहीत, नखं झिजत नाहीत. दर दहा दिवसांनी कापली नाहीत तर वळून मांसात घुसतात. त्यांनी लिहून घेतलं.

गृहस्थांनी विचारलं, आजार वगैरे काही असतो का या जातीत. दादा म्हणाला, "पोट जरा नाजूक असतं, एवढंच." मीही मान हलवली. आम्ही नेहमी हेच सांगतो.

भिंगरी मागच्या खोलीत होती. पाच किलो सातशे.

२० जानेवारी

रक्ताचा अहवाल आला. प्रथिनं निम्म्यावर. जे खाते ते आतड्यातून गळून जातं, अंगी लागत नाही. पोट फुगलंय ते पाण्याने. आठवड्यातून दोनदा जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि कसलीशी गोळी.

मग डॉक्टरीणबाईंनी चौकशी सुरू केली. हिची आई कशाने गेली, आजी कशाने, आईचे भाऊ कुठे असतात. स्थळ बघायला आल्यासारखं. मी म्हटलं, मला बघायला तीनदा लोक आले, त्यांनीसुद्धा एवढं खोदून विचारलं नव्हतं. चौथे येणार होते त्या आठवड्यात रुपेरीची पिल्लं व्हायची होती, म्हणून बाबांनी त्यांना येऊ नका असं कळवलं. बरंच झालं. टेलिफोन खात्यातली नोकरी बाबांच्या आजारपणात सोडली, तेव्हाही लोकांना मीच बिचारी वाटत होते. मला काही कमी पडलं नाही.

डॉक्टरीणबाई हे सगळं ऐकत होत्या आणि भिंगरीच्या पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मला असं बघितलेलं आवडत नाही. त्यांना घरातल्या मेलेल्या कुत्र्यांची यादी हवी आहे. देईन. एकदाचं तोंड बंद होईल.

२४ जानेवारी

यादी. सगळी नाही, माझ्या हाताखालून गेलेली.

रुपेरी, पाच वर्षं. हवा एकदम बदलली, सोसली नाही. बाण, रुपेरीचा मुलगा, चार वर्षं. मुख्याध्यापकांकडे दिला होता, त्यांनी उन्हात बांधला. मी तेव्हाच सांगितलं होतं. चिमटी, सहा. पिल्लं होऊन अशक्त झाली. तिचा भाऊ दर्या अकरा वर्षं जगला, ठणठणीत, झोपेतच गेला. म्हणजे नीट सांभाळलं तर जगतात. कापूस, साडेतीन. काहीतरी खाल्लं बाहेर. मोहरी, चार. शिंपीणबाईंच्या घरी. त्यांचे सासरे रोज सकाळी आपल्या पावाचा लोणी लावलेला कोपरा तिला द्यायचे. हे मला कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं होतं, तुम्ही तिला विषच घातलंत. बाबांच्या नोंदवहीत मी स्वतः लिहिलं, मालकाचा निष्काळजीपणा. दुसरं पिल्लू त्यांना दिलं नाही. भिंगरीची आई, पाच. जुलाब. पावसाळी हवा.

अजून चौदा आहेत, ती उद्या. पण बघा, प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. हेच मला डॉक्टरीणबाईंना दाखवायचं आहे.

२९ जानेवारी

यादी दिली. त्यांनी पेन घेतलं आणि कारणांवर एकेक रेघ मारत गेल्या. खोडली नाहीत, बारीक रेघ. मग कागद माझ्याकडे फिरवला. रेघांच्या अलीकडे नावं आणि वयं उरली होती. पाच, चार, सहा, साडेतीन, चार, पाच, खालीही तशीच.

"कारणं तुम्ही दिलेली आहेत," त्या म्हणाल्या. "वयं कुत्र्यांची आहेत."

मी दर्याचं नाव दाखवलं. त्या म्हणाल्या, काहींमध्ये तो आजार आयुष्यभर दबून राहतो, पण पुढच्यांना देतात तीही. पाच कुत्र्यांवरून वाढलेली जात आहे, सगळी एकमेकांची सख्खी-चुलत. जे त्या पाचांत होतं ते दीडशेंत आहे. बाहेरच्या, जवळपासच्या कुठल्या तरी जातीशी जोडी लावल्याशिवाय ते जाणार नाही.

मी भिंगरीला उचललं आणि निघून आले. गोळीचा कागद टेबलावरच राहिला. तळपायाची आग मस्तकात म्हणतात ती काय असते ते आज कळलं. माझे बाबा समुद्राच्या वाऱ्यात टोपलीतून पाच जीव घेऊन आले नसते तर हिला बोट दाखवायला दीडशे कुत्री असती कुठे? आणि बाहेरची जात म्हणे. बाबांनी बाहेरचा कुत्रा कुंपणाशी आला तरी दगड मारला.

पाच किलो चारशे. शी पाच वेळा. वहिनींनी संध्याकाळी दवाखान्यात जाऊन कागद आणला. मी सांगितलं नव्हतं.

३१ जानेवारी

आज स्वयंपाकघर पूर्ण रिकामं करायला लावलं. डबे, भांडी, फळ्या, सगळं. वहिनींना म्हटलं, कुठे ना कुठे चरबी लागते आहे, त्याशिवाय असं होणार नाही. त्यांनी कपाळाला फडकं बांधलं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत गरम पाण्याने सगळं धुतलं. दादा मध्ये एकदा डोकावला आणि म्हणाला, काजळ वीस तारखेच्या सुमारास माजावर येईल, तिची आणि काकाची जोडी लावू. काका म्हणजे तिच्या वडिलांचा भाऊच, कुत्र्याचं नावही तेच ठेवलं आहे. पन्नासावं वर्ष आहे संघटनेचं, पिल्लं दाखवायला हवीत. मी बरं म्हटलं. डोकं भिंगरीत होतं.

तिने आज माझ्या हातातून चार घास खाल्ले. मग ते सगळे माझ्या मांडीवर ओकली.

७ फेब्रुवारी

काय लिहू.

वहिनी मागच्या खोलीत आल्या तेव्हा मी भिंगरीला औषध पाजत होते. त्यांनी एक पिवळा पडलेला कागद माझ्या शेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही स्वयंपाकघर धुवायला लावलंत. मग म्हटलं यांचं कपाटही धुवून काढावं."

पत्र बावीस वर्षांपूर्वीचं. दवाखान्यातल्या जुन्या डॉक्टरांचं, बाबांना. अक्षर सुंदर. आपल्याकडून आलेल्या अकरा मृत कपारींची आतडी मी तपासली, सगळ्यांमध्ये एकच विकार आहे, तो खाण्यामुळे होत नाही, वंशातून येतो. नवीन पिल्लं देण्यापूर्वी मालकांना याची कल्पना द्यावी आणि बाहेरच्या रक्ताचा विचार करावा, मी मदत करेन. खाली आदराने वगैरे.

समासात बाबांचं पेन्सिलीतलं अक्षर. उत्तर देऊ नये.

त्याखाली निळ्या शाईत दादाची सही. नोंद घेतली.

अकरा मेलेल्या कुत्र्यांना दवाखान्यात मीच नेलं होतं, चादरीत गुंडाळून. बाबा म्हणायचे, डॉक्टर पुरण्याची व्यवस्था करतात.

मी वहिनींना विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे. त्या म्हणाल्या, कालपासून. मग म्हणाल्या, "पण कुत्र्याला मी कधीच काही दिलं नाही हे मला तेवीस वर्षांपासून माहीत आहे."

 मी भिंगरीच्या तोंडावरचं औषध पुसत राहिले.

८ फेब्रुवारी

दादाशी भांडण. पुढच्या खोलीत, करंडकांसमोर. मी पत्र टेबलावर आपटलं. मला वाटलं होतं तो नाकारेल, किंवा बाबांवर ढकलेल. त्याने कागद उचलला, घडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, कुठे सापडलं.

मी वाट्टेल ते बोलले. इथे लिहीत नाही. बावीस वर्षं मी लोकांच्या दारात जाऊन त्यांना खुनी ठरवत होते आणि तू कपाटाला किल्ली लावून बसला होतास, असं म्हटलं, ते लिहिते.

तो म्हणाला, "बेबी, तुला काय वाटतं, तूच एकटीने पुरली ती? नंतरच्या कुत्र्यांचे खड्डे कोण खणत होतं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, हे बाहेर गेलं तर एक पिल्लू कुणी घेणार नाही. बाहेरचं रक्त आणलं तर ती कपारी राहणार नाहीत. दोन्हीकडून बाबांचं काम संपतं. "आणि ते संपलं तर आपल्याकडे दुसरं आहे काय? तू सांग. तुझ्याकडे काय आहे?"

मी आणखीच भडकले. काजळची जोडी काकाशी लागणार नाही असं सांगितलं. तो म्हणाला, ते संघटना ठरवेल. मी म्हटलं, जोडीच्या कागदावर मालकाची सही लागते, आणि मालक मी आहे. बाबा सरकारी नोकरीत होते म्हणून सगळी कुत्री माझ्या नावावर लावली होती. सोय म्हणून. मी चौतीस वर्षं न वाचता सह्या केल्या. आता वाचून करीन.

तो खुर्चीत बसला. माझा मोठा भाऊ साठीचा आहे हे मला आजच दिसलं. तरी राग गेला नाही.

बाबांवर माझा राग नाही. ते वेगळ्या काळातले होते.

१० फेब्रुवारी

पाच किलो. पोटातलं पाणी काढलं. डॉक्टरीणबाईंनी मी त्या दिवशी निघून गेले त्याचा विषयही काढला नाही. मी पत्र दाखवलं. वाचून त्या खिडकीपाशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, सर शेवटपर्यंत विचारायचे, त्या गृहस्थांचं उत्तर आलं का.

काजळचंही रक्त घेतलं. दिसायला ठणठणीत. प्रथिनं थोडी कमीच.

१२ फेब्रुवारी

भिंगरी गेली. सकाळी, उजाडल्यावर. डॉक्टरीणबाई घरी आल्या होत्या, मीच बोलावलं, मीच सांगितलं की आता पुरे. वहिनींनी डोकं धरलं, मी पाय. शेवटच्या मिनिटाला तिने मान मागे टाकली, डोकं पाठीला लागेपर्यंत, आणि माझ्याकडे उलटं बघितलं.

वजन घेतलं नाही.

खड्डा मी खणला. दादा कुदळ घेऊन आला, त्याला परत पाठवलं.

१५ फेब्रुवारी

दोन दिवस काही लिहिलं नाही. लिहायचं कुणासाठी?

परवा पुढच्या खोलीतला बाबांचा फोटो उतरवला. फोडायला उतरवला होता. मग काच पुसली, खिळा घट्ट केला आणि परत लावला. स्वतःवर इतकी चिडले की वाडगी धुताना एक फुटलं. एवढी काळजी घेतो म्हणून मिरवायचं, सहा बोटं मोजून दाखवायची, आणि आतडं सडतंय हे पेन्सिलीने समासात लिहून ठेवायचं. उत्तर देऊ नये. माझ्या लग्नाच्या पत्रांनाही असंच लिहिलं असेल का कुठल्या समासात? मोजणी खात्यातला माणूस, दुसऱ्याच्या जमिनीची रेघ इंचभर चुकली तर अख्खी वस्ती बोलवायचा.

बाबांवर माझा राग आहे. झालं लिहून.

नोंदवहीतून पत्ते काढले. ज्यांच्या घरी कपारी मेली आणि मी त्यांचा दोष ठरवला, अशी बत्तीस घरं. सगळ्यांना पत्र लिहायचं. वहिनी म्हणाल्या, पाकिटं मी करते. पहिलं पत्र शिंपीणबाईंचं लिहायला घेतलं, चारदा फाडलं. मोहरीला जाऊन सात वर्षं झाली. त्या दिवशी मी त्यांच्या दारात उभी राहून जे बोलले ते कागदावर बोलले नव्हते. मग परत कागदावर कसं घ्यायचं?

डॉक्टरीणबाईंना फोन करून नीट विचारून घेतलं. लोण्याने मेली का ती? त्या म्हणाल्या, आजार होताच, वाचली नसती. मी विचारलं, पण लोण्याने काहीच झालं नाही?  त्या म्हणाल्या, चरबीने त्रास वाढतो हे खरं आहे. महिना, दोन महिने आधी गेली असेल. कदाचित. सांगता येत नाही.

१८ फेब्रुवारी

आज जाऊन आले. सगळं लिहिते, नाहीतर उद्या माझ्या सोयीचं आठवेल.

शिंपीणबाईंचं घर गल्लीच्या टोकाला, खाली दुकान, मागे राहायच्या खोल्या. शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे छतापर्यंत. त्या मशीनवर होत्या, ओठांत टाचण्या. मला बघितलं आणि पाय थांबले. ओळखलं. बसा म्हणाल्या नाहीत.

मी उभ्यानेच सांगितलं. तो वंशातला आजार होता, आमच्याकडूनच आला होता, आमच्या घरात हे माहीत होतं, मला नव्हतं, पण मी माहीत असल्यासारखं बोलले. चुकले.

त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या.  मग म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? मला तुम्ही काही म्हणाला नव्हतात."

मागच्या खोलीत सासरे होते. खिडकीशी खुर्ची, मांडीवर घोंगडी, वय ऐंशीच्या पुढे. मला वाटलं होतं ते गेले असतील. खरं सांगायचं तर ते गेले असते तर मला सोपं झालं असतं, हे चालत जाताना मनात येऊन गेलं होतं. तेही लिहिते.

शिंपीणबाई दारातच उभ्या राहून माझ्याकडे न बघता सांगत होत्या. तुम्ही बोलून गेलात त्या दिवसापासून सासरे आमच्यात जेवायला बसले नाहीत. आम्ही म्हटलं नव्हतं. माझा नवरा चार दिवस बोलला नाही त्यांच्याशी, मग बोलायला लागला. पण मुलगी नाही. नऊ वर्षांची होती, मोहरी तिच्याच पायाशी झोपायची. आजोबांनी मारलं म्हणाली. सात वर्षं या खोलीत आली नाही ती. ताट बाहेरून सरकवते.

मी आजोबांसमोर वाकून सांगितलं. त्यांना कमी ऐकू येतं, अर्ध्यावर हात वर करून थांबवलं. म्हणाले, "थांबा. तिला येऊ दे. तिच्यासमोर सांगा."

मी विचारलं, कधी येते. पाच वाजता. तेव्हा तीन वाजले होते.

दोन तास मी दुकानातल्या स्टुलावर बसले. कुणी पाणी विचारलं नाही, आणि मीही मागितलं नाही. शिंपीणबाई काजं करत होत्या. एक गिऱ्हाईक आलं, खांदा सैल करून हवा होता, त्याच्याशी त्या हसून बोलल्या. तो गेल्यावर पुन्हा तसंच. मला एकदा वाटलं उठून जावं. कुणी धरून ठेवलं नव्हतं. मला एवढा वेळ बसवून ठेवणारे हे कोण, असंही आलं मनात. सवय जात नाही.

मुलगी आली. उंच, आईसारखी. मला बघून तिचा चेहरा एकदम बंद झाला. आजोबा आतून काठी आपटत होते. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली, आत पाऊल टाकलं नाही. मी आत, आजोबांच्या खुर्चीपाशी.

मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी मोठ्याने, खिडकीबाहेरच्यांनाही ऐकू जाईल एवढ्याने. आतड्याचा विकार, पाच कुत्री, बावीस वर्षांपूर्वीचं पत्र.

आजोबांनी माझं मनगट धरलं. हात हलका होता पण सोडत नव्हता. "म्हणजे लोण्याने नाही?"

डॉक्टरीणबाईंचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. महिना, दोन महिने. कदाचित. सांगता येत नाही. मी खरं सांगायला गेले होते. आमच्या घरात इतकं झाकून ठेवलं गेलं म्हणून तर गेले होते.

"नाही," मी म्हटलं. "लोण्याने नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. लोण्याचा काही संबंध नाही."

त्यांनी मनगट सोडलं आणि दाराकडे बघितलं. मुलगी त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "त्या दिवशी मी दाराआड होते. तुम्ही विष म्हणाला होतात." मी हो म्हटलं. "मी विश्वकोशात बघितलं होतं मग. लोण्याला विष का म्हणतात ते." तिचा आवाज चिरका झाला होता. "सात वर्षं. आणि आता येऊन म्हणताय संबंध नाही. खरंच नाही?"

"खरंच नाही."

ती म्हणाली, तुम्ही जा आता. मी निघाले. दुकान ओलांडताना मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणी सरकवली, ती आत गेली की ते उठले, मी वळून बघितलं नाही. तेवढा हक्क मला नव्हता.

घरी येऊन वहिनींना सगळं सांगितलं, लोण्याचं एवढं एक सोडून. त्यांनी मला भात वाढला. बत्तीस पाकिटांवर पत्ते लिहून झाले होते, अक्षर वळणदार आहे त्यांचं, मला माहीतच नव्हतं. दादा समोरच्या खोलीत दिवा न लावता बसला होता. मी जाताना म्हणाला, किती घरं झाली? एक, म्हटलं.

आता लिहिताना पुन्हा संताप होतो आहे आणि या वेळी कुणावर ते धड कळत नाही. अख्खं घर ज्या लपवाछपवीसाठी उलटंपालटं केलं, तीच मी दोन वाक्यांत करून आले. दोनदा, एकदा त्यांना आणि एकदा तिला, डोळ्यांत बघून. उद्या कुणी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं तर मी खोटी ठरेन. ठरू दे. मनगटावर अजून त्यांच्या बोटांचा दाब आहे. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मी ते खोटं जितक्या जोरात सांगितलं, तितक्या जोरात जन्मात काही सांगितलं नव्हतं.